श्रीपाद चौबळ यांच्या तेवीस रचना व माझी इतर चीजवस्तू यांची व्यवस्था

मी, कुमारी वासंती त्र्यंबक ताम्हाणे, वय वर्षे त्रेपन्न, धंदा पियानोवादन व शिकवणी, राहणार नौपाडा, ठाणे, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. माझी शुद्ध शाबूत आहे. डॉक्टर मधुसूदन दिघे यांनी सकाळी मला वार विचारला, मी बुधवार सांगितला, तो बरोबर निघाला. हृदयाच्या झडपेविषयी त्यांनी जे सांगितले त्यावरून हे काम लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे काही रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

वकील भास्करराव कारखानीस यांनी दीड पानांचा मसुदा करून दिला होता. त्यात कोणती वस्तू कोणाला हे होते, का हे नव्हते. कायद्याला 'का'ची गरज नाही, असे ते म्हणाले. मला आहे, म्हणून मी पुन्हा लिहिले. या व्यवस्थेची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

कलम १. माझे वडील कल्याण स्टेशनात बुकिंग ऑफिसचे हेडक्लार्क होते. तिथल्या साहेब लोकांच्या क्लबात एक पियानो होता. क्लबात आम्हाला मज्जाव होता, पण दुपारी तिथे कोणी नसे. एका इंजिन ड्रायव्हरची बायको, मिसेस रॉजर्स, तेव्हा एकटी वाजवत बसे. वडिलांनी तिला काय सांगितले ते मला माहीत नाही. त्यांनी कोणाकडे काही मागितलेले मी कधी पाहिले नव्हते. नऊ वर्षांची असताना मी मागच्या दाराने त्या क्लबात जाऊन तिच्याकडे शिकू लागले.

आई म्हणायची, "अगं, त्या पेटीपुढे बसून राहिलीस तर तुला करून कोण घेणार?"

वडील म्हणाले, "पेटी नाही ती. आणि करून घेणाऱ्यांची आत्तापासून काळजी नको."

माझ्या बाजूने ते एवढेच बोलले. ते पुरले. मला कोणी करून घेतले नाही हेही खरे.

कल्याणातले पारनाक्याजवळचे घर त्यांनी निम्मे माझ्या आणि निम्मे माझा धाकटा भाऊ सुधीर याच्या नावे ठेवले. माझा निम्मा हिस्सा मी सुधीरला देते. त्याने काय केले ते कलम ६ मध्ये लिहिले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीमुळे दुसरी बदलत नाही.

कलम २. पोस्टातील शिल्लक, तांब्यापितळेची भांडी, शिसवी कपाट आणि माझ्या बांगड्या सगुणा हिला द्याव्यात. सगुणा कोपरीची. तिच्या घरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबली. वीस वर्षे ती माझ्याकडे कामाला आहे. आल्यापासून ती मला अगं-तुगं करते, आणि मी तिला कधी थांबवले नाही. सुधीरच्या घरच्यांनी बांगड्यांबद्दल विचारल्यास हे कलम वाचून दाखवावे.

कलम ३. जर्मन बनावटीचा उभा पियानो माझी विद्यार्थिनी शुभदा फणसे हिला द्यावा. ती माझ्याकडे बारा वर्षे शिकली. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. सध्या ती मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओत वाजवते. एकदा ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही वाजवता ते ऐकणार कोण? माणसाला रडू तरी यायला हवं, नाहीतर पाय तरी हलायला हवेत." मी तिला सहा महिने घरात घेतले नाही. तो माझा मूर्खपणा होता. पियानो देताना अट घालत नाही. त्यावर तिने सिनेमातली गाणी वाजवली तरी माझी हरकत नाही.

पियानो लावायची चावी, लोकरीच्या पट्ट्या आणि सुटी तारेची वेटोळी खोपटच्या गणू सुताराला द्यावीत. पियानो लावणारा मुंबईहून ठाण्यापर्यंत यायला कंटाळा करी, म्हणून मी ते काम स्वतः शिकले. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकत, त्या गणू मोकळ्या करी. पहिल्यांदा झाकण उघडले तेव्हा तो म्हणाला, "बाई, घड्याळापेक्षा जास्त भानगडी हायत हिच्या पोटात." त्यातली एकही भानगड त्याने कधी बिघडवली नाही. हे मी चार शिकलेल्या माणसांबद्दल म्हणू शकत नाही.

कलम ४. एकोणीसशे एकोणतीसपासून मुंबईत माझे जाहीर कार्यक्रम होऊ लागले. साडी नेसून पियानो वाजवणारी बाई बघायला लोक येत. बघून झाले की ऐकत. प्रत्येक कार्यक्रमात मी एक तरी रचना अशी ठेवी, जिचा कर्ता जिवंत आहे आणि जी इथे कोणी ऐकलेली नाही. विलायतेहून बोटीने स्वरलिपीचे कागद मागवी. एका संस्थेचे चिटणीस मला म्हणाले होते, "तो माणूस गेल्यावर वाजवू की. घाई काय आहे?" ते थट्टा करीत नव्हते.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या मार्चमध्ये श्रीपाद चौबळ माझ्या दारात आले. मीठ खात्यात कारकून, नेमणूक कोपरीच्या मिठागरांवर, वय तेहतीस. स्वरलिपी ते एका जुन्या पुस्तकावरून शिकले होते. घरी पियानो नव्हता. पुढेही कधी आला नाही. त्यांनी एक वही पुढे केली. मी दोन पाने वाजवून पाहिली आणि वही परत दिली.

"हे वाजत नाही, चौबळ."

"का?"

"एका हाताला पाच बोटं असतात."

ते म्हणाले, "मिठाचा वाफा घट्ट करायला आठ माणसं एका ओळीत उभी राहून तो तुडवतात. त्यांचे पाय एकदम पडत नाहीत, बाई. जवळजवळ एकदम पडतात. ते जवळजवळ मला हवंय."

मी वही ठेवून घेतली. सहा महिन्यांनी मला ते जमले. त्या दिवशी सगुणा पोतेरे तसेच टाकून दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "गो बाय, यो तं आमच्या पायांचा आवाज हाय."

पुढल्या पाच वर्षांत त्यांनी तेवीस रचना केल्या. दर रविवारी सकाळी ते येत, साडेअकराला जात. ते मला बाई म्हणत, मी त्यांना चौबळ म्हणे. आम्ही एकमेकांना दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. नौपाड्यात याविषयी जे बोलले गेले ते माझ्या कानावर आले होते. त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, आताही देत नाही.

कलम ५. एकोणीसशे एकोणपन्नासच्या जानेवारीत मुंबईतील एका हॉलमध्ये मी त्यांच्या तीन रचना वाजवल्या. हॉलचे नाव लिहीत नाही. पहिल्या रचनेत लोक खोकले. दुसरीत पुढच्या रांगेतले एक गृहस्थ पत्नीला घेऊन उठून गेले. तिसरी मिठाच्या वाफ्याची, तिच्या मध्यावर मागून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, "अहो, पियानो लावायचा राहिला वाटतं!" सगळा हॉल हसला.

मी शेवटपर्यंत वाजवले. मग उभी राहिले आणि मराठीत म्हणाले, "तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. परत वाजवते." आणि पहिल्या सुरापासून तिसरी रचना पुन्हा वाजवली. अर्धा हॉल रिकामा झाला. उरलेला अर्धा बसून राहिला.

चौबळ शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेर आल्यावर मी वाट पाहिली की ते काही बोलतील. ते म्हणाले, "तिसऱ्या पानावर घाई केलीत, बाई. दोन्ही वेळेला."

त्यानंतर त्या संस्थेने मला बोलावले नाही, आणि हळूहळू इतरांनीही. एका ठिकाणाहून निरोप आला की चौबळ वगळल्यास या. मी गेले नाही. मग शाळांचे हॉल, वाचनालये असे चालू राहिले. पन्नास साली डोंबिवलीच्या एका गणेशोत्सवात हातगाडीवरून पियानो नेऊन मांडवात वाजवले. तिथे कोणी उठून गेले नाही, कारण प्रसाद नंतर होता. अशा प्रकारे तेवीसपैकी नऊ रचना मी लोकांपुढे वाजवल्या. या नऊ मला पाठ होत्या. बाकीच्या मी पाठ केल्या नाहीत, कागद पुढे ठेवून वाजवी. आयुष्यात एवढीच चूक दुरुस्त करायची संधी मिळाली असती तर मी घेतली असती.

कलम ६. सात नोव्हेंबर एकोणीसशे एक्कावन्न रोजी मी एका मुलीची शिकवणी घेत होते. मीठ खात्यातला एक माणूस दाराशी आला आणि म्हणाला, "चौबळ गेले. कावीळ झाली होती." मी "बरं" म्हणाले. तो निघून गेला. मुलीचा उजवा अंगठा चुकीच्या वेळी खाली जात होता. तो मी दुरुस्त केला आणि शिकवणी वेळेवर संपवली. मी रडले नाही. रडू दाबले असे कोणी समजू नये. तिथे काही नव्हते.

पंधरवड्याने त्यांच्या पत्नी हेमाबाई यांनी कागदांची लोखंडी ट्रंक माझ्याकडे पाठवली. त्या भावाकडे डोंबिवलीला राहायला निघाल्या होत्या आणि तिथे जागा नव्हती. नौपाड्याच्या माझ्या खोलीला वाळवी लागली होती, म्हणून मी ट्रंक कल्याणच्या घरी माडीवर ठेवली.

त्रेपन्न साली मला विषमज्वर झाला. सात आठवडे इस्पितळात काढले. उठले तेव्हा डाव्या हाताची शेवटची दोन बोटे बधिर झाली होती, ती अजून तशीच आहेत. पट्टी दाबली गेली हे मला कानाने कळते, बोटाने नाही. बरी झाल्यावर कल्याणला गेले. ट्रंक जागेवर होती. उघडली. आत गोधड्या होत्या.

मी सुधीरला विचारले. त्याने सरळ सांगितले, "रद्दीत घातले, ताई."

"तुला माहीत होतं ते काय आहे?"

"माहीत होतं. तो माणूस गेला. त्याच्या बायकोनं ते घरात ठेवलं नाही, आपण का ठेवायचं? लोक विचारतात मला."

"कोण लोक?"

त्याची बायको म्हणाली, "वन्सं, जेवून जा." मी जेवले. अळूची भाजी होती. ती चांगली झाली होती असे मी तिला सांगितले.

वकिलांनी मला विचारले की, भावावर राग असताना घर का देता? मी राग शोधून पाहिला. पाच वर्षांपूर्वी नक्की असणार. आता सापडत नाही. सुधीर लहानपणी क्लबाच्या मागच्या दाराशी माझ्या चपला धरून बसत असे, हे आठवते. त्याने कागद विकले, हेही आठवते. दोन्हींचे वजन सारखेच लागते. घर घ्यावे. तिथल्या माझ्या खोलीत त्याने भाडेकरू ठेवला तरी चालेल.

कलम ७. दुसऱ्या दिवशी मी आणि सगुणा कल्याणच्या बाजारात गेलो. रद्दीवाला म्हणाला, माल पंधरा दिवसांपूर्वी वाटला गेला, किराणावाल्यांकडे, भुसारवाल्यांकडे. आम्ही चार दिवस दुकानामागून दुकान फिरलो. मला नीट उभे राहवत नव्हते. सगुणाच विचारी, "आडव्या पाच रेघांचा कागद हाय का हो तुमच्यात?" लोक हसत आणि शोधत. एका मसालेवाल्याने पोत्यातून एक पान काढून उलटसुलट पाहिले.

"ही कसली पोथी, बाई? नुसत्या मुंग्या मारून चिकटवल्यात."

"वाजवायची आहे."

त्याने गिऱ्हाईक थांबवून पोते जमिनीवर उलटे केले आणि आमच्याबरोबर तोही शोधू लागला. त्या दुकानात सात पाने मिळाली, इतरत्र चार. दोन पाने पुड्यांसाठी कापलेली होती. एका पानाला अजून हळदीचा वास येतो.

त्या अकरा पानांतून दोन रचना पुऱ्या झाल्या. पाठ असलेल्या नऊ मी त्या वर्षी बसून लिहून काढल्या. म्हणजे अकरा. बारा गेल्या.

कलम ८. पंचावन्नच्या डिसेंबरमध्ये हेमाबाई चौबळ न कळवता माझ्याकडे आल्या. चार वर्षे मी त्यांना टाळले होते. ट्रंकेचे काय झाले ते मी त्यांना आल्या आल्या सांगितले. त्या म्हणाल्या, "मीच घराबाहेर काढली होती ना." मग म्हणाल्या, "ह्यांनी काय केलं ते मला ऐकायचंय. आमच्याकडे कधी ऐकू आलं नाही."

मी वाजवायला बसले. हॉलमध्ये लोक हसले होते ती रचना चालू असताना त्यांनी हात वर केला.

"इथं ते थांबायचे."

"इथं थांबा लिहिलेला नाही."

"लिहिलेलं मला कळत नाही. पाटावर बसले की ताटाच्या कडेला त्यांची बोटं चालायची. रोज. इथवर आले की थांबायचे, घोटभर पाणी प्यायचे, मग पुढं."

तिसरे पान होते. मी तिथे थांबून पुन्हा वाजवले. थांबल्यावर पुढचा सूर वेगळाच ऐकू आला. आठ माणसांनी पाय उचलला आहे आणि तो अजून पडलेला नाही, असा. ते मला सात वर्षांपूर्वी कळायला हवे होते. मी चहा करायला आत गेले आणि साखर घालायला विसरले. त्यांनी तसाच प्याला.

निघताना त्यांनी विचारले, "तुमच्यात नि ह्यांच्यात काही होतं का?"

मी पियानोवरच्या कागदाकडे बोट दाखवले. "हेच होतं."

त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. माझ्यात नि त्यांच्यात तेही नव्हतं."

पुढल्या गुरुवारी त्या परत आल्या आणि टेबलावर बोटांनी एक ठेका वाजवून म्हणाल्या, "हे कुठलं?" मला ओळखता आले नाही. मग त्यांनी दुसरा वाजवला. तोही माझ्याजवळच्या अकरांपैकी नव्हता. तेव्हा आम्हा दोघींच्या लक्षात आले की त्यांच्या बोटांत काय आहे. त्यानंतर दीड वर्ष त्या दर गुरुवारी आल्या. त्या वाजवीत, मी लिही. चुकले की त्या मला थांबवीत. ज्या बाईला एक सूर वाचता येत नाही तिच्याइतकी कडक परीक्षक मला मिसेस रॉजर्सनंतर भेटली नाही.

असे पाच रचनांचे ठेके पुरे मिळाले. सूर मिळाले नाहीत. ते कोणालाच माहीत नाहीत. उरलेल्या सात रचनांचे काहीही शिल्लक नाही.

कलम ९. अकरा पूर्ण रचनांची शुद्ध प्रत आणि बाजारात मिळालेली अकरा पाने हेमाबाई चौबळ यांना परत करावीत. ती मूळची त्यांचीच. दुसरी प्रत शुभदाला द्यावी. तिने ती वाजवलीच पाहिजे असे नाही. वाजवल्यास वाफ्याच्या रचनेत तिसऱ्या पानावर थांबावे.

कलम १०. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. स्मृतिप्रीत्यर्थ कार्यक्रम करावयाचाच झाल्यास त्यात निदान एक रचना जिवंत माणसाची असावी. ती लोकांना आवडली नाही तर पुन्हा वाजवावी.

कलम ११. राहिल्या पाच रचना, ज्यांचे फक्त ठेके आहेत. शुभदाने त्या पाहिल्या आहेत. ती म्हणाली, "बाई, मी सूर बसवू का? चौबळांची धाटणी मला आता कळते. कोणाला ओळखू येणार नाही." तिने हे प्रेमाने विचारले आणि तिला ते जमेलही. माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते माझ्यामागेही नाहीच राहावे. मलाही मोह झाला होता. एका दुपारी मी पहिल्या ठेक्यावर सूर बसवून पाहिले. छान वाटले. ते चौबळांचे नव्हते, माझे होते. मी कागद फाडला.

या पाच रचना आहेत तशा, पाच रेघांऐवजी एकाच रेघेवर, छापाव्यात. त्याचा खर्च माझ्या उत्तरकार्याऐवजी करावा. सुरांची जागा मोकळी सोडावी. त्या कोणीही वाजवाव्यात. पियानो असलाच पाहिजे असे नाही.

वरील अकरा कलमे मी स्वतः लिहिली, वाचली, आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली.

(सही) वासंती त्र्यंबक ताम्हाणे
मुक्काम नौपाडा, ठाणे. बुधवार, दिनांक १२ मार्च १९५८

साक्षीदार:

१. (सही) डॉ. मधुसूदन रामचंद्र दिघे, नौपाडा, ठाणे

२. (सही) सौ. लक्ष्मी दत्तात्रेय प्रधान, शेजारी, नौपाडा, ठाणे

साक्षीदारांची नोंद: बाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही मिळत नाही. कलम ११ वाचून झाल्यावर, यात संदिग्धता राहू नये म्हणून, बाईंनी पाच रचनांपैकी पहिली टेबलावर बोटांनी वाजवून दाखवली. ती सुमारे चार मिनिटे चालली. मध्ये दोन ठिकाणी काहीच वाजत नव्हते, पण ती संपलेली नव्हती. आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत ऐकली.